अप्पांची डाळ आणि उन्हाचं पाणी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि अशी कल्पना करा की तुमच्या तोंडात एकही दात नाही. पुढचा नाही, सुळा नाही, दाढ तर नाहीच. जीभ बिचारी एकटीच रिकाम्या घरात फिरावी तशी फिरते आहे. आता तुमच्यासमोर ताट आलं. ताटात ज्वारीची भाकरी कुस्करली आहे, तिच्यावर वरण ओतलं आहे, आणि त्या वरणातली तुरीची डाळ अर्धीकच्ची, कडक, वाळूच्या खड्यासारखी. घ्या एक घास. फिरवा तोंडात. चावता येत नाही, गिळवत नाही, आणि घरातली मोठी माणसं समोर बसलेली असल्यामुळे थुंकताही येत नाही.

उघडा डोळे. राग आला ना? अप्पांना हा राग रोज दोन वेळा यायचा.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. आळंद आणि हुमनाबाद यांच्या मधोमध तालुक्याचं एक गाव होतं. नाव मुद्दामच सांगत नाही, तिथली माणसं लगेच रागावतात. त्या गावात रामकिशनराव नावाचे अर्जनवीस राहत. अर्जनवीस म्हणजे कचेरीबाहेरच्या लिंबाखाली सतरंजी टाकून बसणारा आणि लोकांचे अर्ज सरकारी उर्दूत लिहून देणारा माणूस. कुणाचा बांध कुणी कोरला, कुणाची म्हैस कुणी कोंडली, सगळ्यांची गाऱ्हाणी रामकिशनरावांच्या बोरूतून झुळझुळीत होऊन आत जात. ‘गरीबपरवर, सलामत!’ असा त्यांचा अर्ज सुरू झाला की फिर्यादीला वाटे, आपलं दुःख एवढं मोठं होतं हे आपल्यालाच ठाऊक नव्हतं. आपला अर्ज आजवर कधी परत आला नाही, हे रामकिशनराव ओळख करून देतानाच सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत.

त्यांच्या परसात आड होता. पाणी भरपूर, पण खारं. अशा पाण्यात विरघळलेले क्षार डाळीला मऊ होऊ देत नाहीत. लाकडाचा भारा जाळा, डाळ आपली ताठच. पापडखार टाकला तर ती शिजे, पण मग वरण साबणासारखं लागे आणि अप्पा रात्रभर पोट धरून सगळ्यांचा उद्धार करत. गोडं पाणी होतं ते समोरच्या बसलिंगप्पांच्या विहिरीला. बसलिंगप्पा तुरीचे अडते, गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे, आवाज असा की बाजारात भाव बोलले तर वेशीपर्यंत कळावा. अर्धी गल्ली त्यांच्या विहिरीवर पाणी भरे आणि त्यांनी कधी कुणाला अडवलं नव्हतं.

मग रामकिशनरावांची डाळ कच्ची का? एका विनोदामुळे. हिवाळ्यात एकदा विहिरीवर बायकांची गर्दी झाली होती, तेव्हा रामकिशनरावांनी जाऊन, प्रत्येकानं आपापल्या क्रमानं पाणी भरावं, असा सभ्य शब्दांत आग्रह धरला. बसलिंगप्पा ओट्यावरून हसून म्हणाले, “अर्जनवीससाहेब, मग टाका की एक अर्ज! म्या मंजूर करतो.” झालं. बायका हसल्या, रहाटावरचा गडी हसला. रामकिशनरावांना तर रहाटही हसल्यासारखा वाटला. ते घरी आले आणि त्यांनी जाहीर केलं, “आजपासून त्या विहिरीचं पाणी ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई. माझी शपथ हाय.”

“मग डाळ कशात शिजवू?” त्यांच्या बायकोनं, सत्यभामाबाईंनी, विचारलं. “तुमच्या दौतीतल्या शाईत?”

हिवाळाभर त्या ओढ्यावरून पाणी आणत होत्या. पण चैत्र लागला, ओढा आटला, आणि अप्पांच्या ताटात खडे पडू लागले.

अप्पा म्हणजे रामकिशनरावांचे वडील. दात गेले होते तरी जिभेला धार होती. एक दिवस त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि शांतपणे सांगितलं, “किशन, मी हुमनाबादला जायलोय. श्रीमंताकडं.”

श्रीमंत हा धाकटा भाऊ. त्याचं हुमनाबादला किराणा दुकान होतं आणि त्याच्या घरी, अप्पांच्या म्हणण्यानुसार, डाळ नुसती पातेल्यात टाकून तिच्याकडे रागानं पाहिलं तरी शिजे.

“अप्पा, कामून असं बोलायलाव? गावात लोक काय म्हणतील?”

“म्हणतील की लेकाला बापाची डाळ शिजवता आली न्हाई. खरं तेच म्हणतील. महिनाअखेरच्या बाजाराला बसलिंगप्पाच्या तुरीच्या गाड्या हुमनाबादला जातात. त्यात बसतो.”

शेवटचं वाक्य रामकिशनरावांना फार लागलं. बाप घर सोडणार, तोही बसलिंगप्पाच्या गाडीतून! म्हणजे आधी त्याचं पाणी नको म्हणायचं आणि मग आपला बाप त्याच्या पोत्यांवर बसवून पाठवायचा. त्या दिवशी त्यांच्या हातून दोन अर्ज चुकीचे लिहिले गेले.

त्याच संध्याकाळी गूळ बांधून आलेल्या उर्दू वर्तमानपत्राच्या तुकड्यावर त्यांनी वाचलं, की समुद्रकाठी काही लोक उन्हावर खारं पाणी गोडं करतात. उथळ भांड्यात खारं पाणी, वर तिरपी काच. ऊन लागलं की पाण्याची वाफ होते, वाफ काचेला जाऊन चिकटते, तिचे थेंब होतात आणि काचेवरून घरंगळत पन्हाळीत येतात. मीठ आणि क्षार खालीच राहतात, कारण त्यांना उडता येत नाही. तुम्ही भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललंत की त्यावर जे थेंब दिसतात ना, तेच हे. नुसतं पाणी, दुसरं काही नाही.

“ऊन!” रामकिशनराव ओरडले. “अगं, ऊन तर आपल्याकडं फुकट पडून हाय!”

“ते मला ठाऊक हाय,” सत्यभामाबाई पदरानं घाम पुसत म्हणाल्या. “चुलीपुढं मीच बसते.”

सामान मात्र फुकट नव्हतं, म्हणून मोडक्यातोडक्यातून जमवायचं ठरलं. घासलेटचा रिकामा डबा कापून, ठोकून त्याचं उथळ तबक केलं. काच कुठून आणायची? देव्हाऱ्यातल्या तसबिरीकडे त्यांनी नुसतं पाहिलं तर सत्यभामाबाई मध्ये उभ्या राहिल्या. शेवटी त्यांनी भिंतीवरची आपली अर्जनविसीची सनद खाली उतरवली आणि तिची काच काढली. सनद पुन्हा भिंतीवर टांगली, पण उघडी. दुसऱ्याच दिवशी त्यावरच्या मोहरेपाशी एक पाल येऊन बसली. ती पुढे तिथेच राहिली.

त्यांची दहा वर्षांची मुलगी जगदेवी पहिल्या क्षणापासून या उद्योगात होती, आणि तिला थोपवणं कुणाच्या बापाला, म्हणजे खुद्द रामकिशनरावांना, शक्य नव्हतं. तबक माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, ठेवलं, काच घातली, कडा उडदाच्या पिठाच्या लुकणानं लिंपल्या, काचेच्या खालच्या कडेशी पत्र्याची पन्हाळ बसवली आणि तिला पपईच्या देठाची नळी लावून खाली लोटा ठेवला. मग बापलेक उन्हात बसून राहिले.

“नाना, पाणी वर चढतंय!”

“चढू दे.”

“नाना, थेंब झाला! नाना, पडला!”

“कुठं?”

“खाऱ्या पाण्यात परत.”

काच पुरेशी तिरपी नव्हती. थेंब घरंगळण्याऐवजी होता तिथेच जड होऊन खाली टपकत होता. रामकिशनराव मागच्या बाजूला विटा लावू लागले तर जगदेवी म्हणाली, “अजून.” त्यांनी अजून एक लावली. “अजून, नाना.” त्यांनी चिडून तिसरी लावली आणि तबकातलं सगळं पाणी पुढे येऊन त्यांच्या धोतरावर सांडलं. काच तिरपी करायची होती, तबक नव्हे. मुलांनो, हे लक्षात ठेवा. रामकिशनरावांच्याही ते पुढे कायमचं लक्षात राहिलं.

विटा नुसत्या काचेखाली दिल्यावर संध्याकाळी लोट्यात चार बोटं पाणी जमलं. पहिला मान अप्पांचा. अप्पांनी घोट घेतला, तोंडात फिरवला आणि विचारलं, “कंदील पिळलास काय रे?”

घासलेटचा वास वाफेबरोबर वर गेला होता आणि थेंबाबरोबर खाली आला होता. मग गल्लीतून सल्ले सुरू झाले. शेजारचा मल्लप्पा, ज्याचं स्वतःचं कोणतंही काम आजवर पूर्ण झालेलं कुणी पाहिलं नव्हतं, तो म्हणाला, डब्यात शेण जाळा. जाळलं. दोन दिवस पाण्याला शेणाच्या धुराचा वास आला आणि त्यामागून कंदील. मल्लप्पाच्या आईनं, गौरम्मांनी, ताकात भिजवायला सांगितलं. डबा गंजला. शेवटी चिंच आणि राख घेऊन सत्यभामाबाईंनी तो असा घासला की रामकिशनरावांनी भीतभीत विचारलं, “एवढा जोर कुणावरचा काढायलीस?” त्यांनी राखेची अजून एक मूठ घेतली. वास मात्र गेला.

मग उडदाचं लुकण. पहिल्या रात्री मुंग्या आल्या. त्यांचं चालू असतानाच मल्लप्पाची शेळी गच्चीवरून गच्चीवर उडी मारत आली, तिनं तीन कडांचं लुकण चाटून खाल्लं, पन्हाळीतलं गोडं पाणी प्यायली आणि चौथ्या कडेसाठी उभी राहिली. रामकिशनराव काठी घेऊन धावले. मल्लप्पा खालून ओरडला, “मारू नका साहेब, गाभण हाय ती!” रामकिशनरावांनी काठी खाली ठेवली आणि शेळीला, ते सगळ्यांना म्हणत तसंच, “मेहरबानी करून बाजूला व्हा,” असं म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून लुकणात गाडीच्या आसाचं काळं वंगण आणि राख आली. ते शेळीला आवडत नव्हतं. कुणालाच आवडत नव्हतं, विशेषतः धोतर धुणाऱ्याला.

आता एक शहाणपणाची गोष्ट सांगतो. काळी वस्तू उन्हात लवकर तापते. दुपारी माळवदावर अनवाणी गेलात तर पांढऱ्या फरशीपेक्षा काळ्या दगडावर तुम्ही जास्त नाचाल. म्हणून तबकात काळं काहीतरी ठेवलं तर वाफ जास्त होईल, आणि ते काळं जर कापड असेल तर पाणी त्याच्या धाग्याधाग्यांतून वर चढून लवकर उडेल. हे रामकिशनरावांना स्वतःला सुचलं, आणि त्याचा त्यांना इतका अभिमान वाटला की त्यांनी जगदेवीला सांगितलं, “जा, खुंटीवरची माझी जुनी काळी शेरवानी घे आणि तिच्या चिंध्या कर.”

खुंटीवर काळ्या शेरवान्या दोन होत्या. एक जुनी आणि एक तहसीलदारासमोर घालायची. जगदेवीनं हाताला जी मऊ लागली ती घेतली.

 तबकात तरंगणाऱ्या त्या चिंध्यांमध्ये एका बाजूला तहसीलदारासमोरच्या शेरवानीची कॉलर ओळखू येत होती. पण लोट्यात त्या संध्याकाळी आदल्या दिवसाच्या जवळजवळ दुप्पट पाणी आलं. स्वच्छ, बिनवासाचं. त्यांनी ओंजळभर डाळ घेऊन स्वतः चुलीवर चढवली. थोड्या वेळानं डाळीचा एक दाणा त्यांनी दोन बोटांत धरला आणि दाबला. तो मेणासारखा चपटा झाला. रामकिशनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही खारं असल्याचा त्यांना क्षणभर राग आला.

एका लोट्यानं सगळ्या घराचं वरण होत नव्हतं. ठरलं असं की रोजचं पाणी मडक्यात साठवायचं, बाजाराच्या सकाळी मोठ्या पातेल्यात डाळ शिजवायची आणि अप्पांच्या पुढ्यात पोटभर ठेवायची. अप्पांनी ती खाल्ली की गाठोडं आपोआप सुटेल.

इथं एक अडचण आली, आणि ती आपल्या चालीरीतींची होती. उन्हाचं पाणी बघायला सगळं गाव येऊ लागलं, आणि दारी आलेल्याला पाणी विचारायचं नाही हे रामकिशनरावांच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. आडाचं पुढं केलं तर पाहुणा म्हणे, “हे न्हाई साहेब, ते द्या की, सूर्याचं.” द्यावंच लागे. पाहुणा घोट घेई, डोळे मिटी, विचार करी आणि म्हणे, “चव न्हाई हो ह्याला.”

“पाण्याला चव नसते!” रामकिशनराव म्हणत.

“आमच्याकडच्या पाण्याला असती,” पाहुणा म्हणे आणि खात्री करून घ्यायला अजून एक घोट मागे.

मल्लप्पा तर रोज खात्री करून घ्यायला येई.

तरीही मडकं हळूहळू भरत होतं, आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण रामकिशनरावांनी एक चूक केली, जी तालुक्यात दुसऱ्या कुणीही केली नसती. त्यांनी अर्ज केला.

तुम्ही विचाराल, कुणी मागितला होता? कुणीच नाही. पण जन्मभर ज्यानं बाभळीची फांदी तोडायलाही अर्ज लिहिले, त्याला परवानगीशिवाय सूर्य वापरणं जड जात होतं. एका दुपारी लिंबाखाली गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी कागद ओढला आणि आपल्या आयुष्यातला सर्वांत सुंदर अर्ज लिहिला. ‘गरीबपरवर, सलामत! आपला ताबेदार फिदवी राहत्या घराच्या माळवदावर पाण्याची वाफ करून ती गार करू इच्छितो…’ अर्ज आत गेला. पेशकारानं, म्हणजे कचेरीतल्या कारकुनानं, तो दोनदा वाचला आणि माळवदाचा उल्लेख आहे म्हणून तामीरातकडे, म्हणजे बांधकामाकडे पाठवला. बांधकामवाले म्हणाले, यात भिंत नाही. सफाईवाले म्हणाले, यात घाण नाही. शेवटी कुणीतरी विचार केला, की भांड्यात काहीतरी तापवायचं, त्याची वाफ करायची, ती गार करून थेंब थेंब गोळा करायचे, हे काम सरकारात फक्त एका खात्याला समजतं. कागद आबकारीकडे गेला. आबकारी म्हणजे दारूचं खातं.

बाजाराची सकाळ उजाडली. मडकं काठोकाठ भरलेलं. सत्यभामाबाईंनी डाळ निवडून, धुऊन मोठ्या पातेल्यात घातली, चूल पेटवली. समोर बसलिंगप्पांच्या दारात तुरीची पोती गाड्यांत चढत होती, आणि अप्पांचं गाठोडं एका गाडीत आधीच जाऊन बसलं होतं. अप्पा स्वतः ओसरीवर जेवणाची वाट पाहत होते. “खाऊन बघतो,” ते म्हणाले होते, “मग ठरवतो.” सत्यभामाबाईंनी मडक्याला हात घातला, तेवढ्यात दारात आबकारीचे दारोगा आणि मागे दोन शिपाई उभे राहिले.

“भबका कहाँ है जी?” दारोगांनी विचारलं. भबका म्हणजे दारू गाळायचं भांडं.

रामकिशनराव बंडी आणि वंगणाचं धोतर अशा वेशात पुढे आले. शेरवानी माळवदावर पाण्यात होती.

“हुजूर, भबका न्हाई. हे उन्हाचं पाणी हाय. मी अर्जनवीस.”

“अर्ज तुमीच लिखे ना? वाफ काढतो, गार करतो, करके? तुमच्या हातचा कागज हैच की मेरे पास. इत्ता अच्छा इकबाल तो कोई चोर बी लिखके नै देता.”

इकबाल म्हणजे गुन्ह्याची कबुली. तरी रामकिशनरावांना या वाक्यातल्या ‘अच्छा’चा क्षणभर आनंद झाला, हे त्यांनी नंतर कुणालाही सांगितलं नाही.

दारोगा माणूस वाईट नव्हते, पण कामाला पक्के होते. त्यांनी वर जाऊन तबक पाहिलं, चिंध्या पाहिल्या, कॉलर पाहिली आणि खाली आले. मडकं मुद्देमाल म्हणून ओसरीवर मांडलं गेलं. पंचनाम्याला अब्रूदार शेजारी हवा होता. शिपाई समोर गेला आणि बसलिंगप्पांना घेऊन आला.

“पंचानं चाखून सांगायचं,” दारोगा म्हणाले. “दारू है का पानी.”

बसलिंगप्पा दोन पावलं मागं सरले. त्यांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. “आमच्या घरात सात पिढ्या कुणी थेंब घेतला न्हाई. चुकून निघाली तर मी कुठं जाऊ? न्हाई जमायचं.”

“म्हणजे तुम्हाला वाटतंय मी दारू गाळतो?” रामकिशनराव भडकले.

“मला काय वाटतंय त्याचा प्रश्न न्हाई. तुमची शपथ हाय तशी माझी बी हाय.”

“मला द्या,” मागून आवाज आला. अप्पा काठी टेकत पुढे आले. “माझ्यासाठीच गाळलंय म्हणतात. बघू तर.”

दारोगांनी वाटी शोधेपर्यंत अप्पांनी मडकंच उचलून तोंडाला लावलं. चैत्रातली सकाळ, माणूस पहाटेपासून रागात बसलेला, आणि मडक्यातलं पाणी गार. अप्पांच्या गळ्याचा मणी खालीवर होत राहिला. “अप्पा, डाळीचं हाय ते!” सत्यभामाबाई ओरडल्या. थोडं गळ्यात गेलं, बरंचसं अंगरख्यावरून ओघळलं, आणि दारोगांनी हात घातला तेव्हा उरलंसुरलं ओसरीवर सांडून शेणानं सारवलेल्या जमिनीत मुरलं. मुद्देमाल संपला.

“चव न्हाई,” अप्पा तोंड पुसत म्हणाले. “पन गार हाय.”

आता कायद्याप्रमाणे थांबून बघायचं होतं, की म्हाताऱ्याला चढते का. सगळे ओसरीवर बसले. दारोगा, शिपाई, बसलिंगप्पा, मल्लप्पा, आणि मल्लप्पाची शेळी.  अप्पांची मान हळूहळू खाली आली, मग एका बाजूला कलली, आणि ते घोरू लागले.

“चढ गई,” दारोगा उठले.

“हुजूर, ते रोज ह्या वेळेला झोपतात!”

“रोज पीते क्या?”

रामकिशनरावांनी कपाळ धरलं. जन्मभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी सोपी करून लिहिणाऱ्या या माणसाला आपलं गाऱ्हाणं कुठून सुरू करावं हे कळेना. शेळीपासून करावं, की त्या हिवाळ्यातल्या हसण्यापासून? शेवटी जगदेवीनं अप्पांचा अंगठा ओढला. अप्पांनी एक डोळा उघडला, सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, “शिजली का डाळ? का अजून अर्जच चाललाय?”

दारोगांनी मान हलवली. “होश में है.” त्यांनी लिहून घेतलं, की द्रव पाणीच होता, पण तो आता उरलेला नाही, सबब तपासणीस पाठवता येत नाही. वरून हुकूम येईपर्यंत तबकाला हात लावायचा नाही. काचेवर लाखेची मोहर ठोकून ते निघून गेले. जाताना त्यांनी हातात ठेवलेल्या अर्जावर शेरा होता: परत.

परत! रामकिशनरावांनी तो शब्द वाचला आणि ओसरीच्या खांबाला टेकून बसले.

आत चूल पेटलेली होती. तिच्याशेजारी पातेल्यात धुतलेली डाळ कोरडीच बसली होती. बाहेर गाडीवान ओरडला, “अप्पा, चलायचं का? ऊन चढायलंय!” अप्पांनी काठी उचलली. ते रागावलेले दिसत नव्हते, आणि रामकिशनरावांना तेच सहन होईना.

बसलिंगप्पा जायला निघाले होते ते थांबले. “रामकिशनराव, एक घागर पाणी…”

“न्हाई,” रामकिशनराव म्हणाले. त्यांना ‘हो’ म्हणायचं होतं. तोंडातून दुसरंच निघालं.

“बरं. म्या कुठं देतो म्हणालो?” बसलिंगप्पांनी मान वळवली. तेही दारातून हलले नाहीत.

“दोघं बी कच्चीच डाळ हाव,” सत्यभामाबाई आतून म्हणाल्या, जरा मोठ्यानंच.

अप्पा ओसरीची पायरी उतरले. मल्लप्पाला काहीतरी सल्ला द्यायचा होता, पण त्याच्या शेळीनंच त्याला धक्का देऊन गप्प केलं. अप्पांचा एक हात गाडीच्या चाकावर गेला.

तेवढ्यात जगदेवी आत गेली. आईनं काही विचारायच्या आत तिनं डाळीचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, पोटाशी धरलं, बापासमोरून, बसलिंगप्पांच्या बगलेखालून आणि गाड्यांच्या मधून ती सरळ समोरच्या घरात शिरली. सिद्धव्वा, म्हणजे बसलिंगप्पांची बायको, चुलीपाशी भाकरी थापत होत्या.

“अज्जी,” जगदेवी धापा टाकत म्हणाली, “पाणी न्यायला आले न्हाई. तुमचं पाणी आमच्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई अशी नानांची शपथ हाय. पन आमची डाळ तुमच्या उंबऱ्याच्या आत येऊ नये, असं कुणी म्हणलेलं न्हाई. चूल द्या, अप्पा इथंच जेवतील.”

सिद्धव्वांनी तव्यावरची भाकरी उतरवली, पातेल्यात आपल्या घागरीतलं पाणी ओतलं आणि सरकून जागा दिली. पातेलं चुलीवर बसलेलं पाहूनच जगदेवी परत बाहेर धावली. चाकाच्या आऱ्यावर पाय देऊन ती गाडीत चढली, अप्पांचं गाठोडं तिनं खाली रस्त्यात ढकललं, मग स्वतः उडी मारून त्याच गाठोड्यावर मांडी घालून बसली, आणि समोरच्या घरातून डाळ शिजल्याची हाक येईपर्यंत कुणाच्या म्हणण्यानं उठली नाही.